चार बोटं उंच गाडी

आमच्या ट्रकला मोठे टायर बसले त्या दिवशी मंगळवार पेठेत गाडीपेक्षा आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याचीच छाती जास्त फुगली होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मोठ्या गाडीचे टायर डिस्कसकट, म्हणजे आतल्या लोखंडी चाकासकट मिळाले म्हणून त्यांनी पुढचे-मागचे सगळे बदलून घेतले. गाडी उंच झाली चार बोटं, पण हे सांगताना वीतभर दाखवायचे. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते मला तेव्हापासून पटलं.

शिरोलीच्या फाउंड्रीत ते आधी साचे भरायचे. भट्टीपुढं आयुष्य काढायचं नाही म्हणून ट्रक घेतला, आणि त्याच फाउंड्रीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी माल, वाहू लागले. गाडी गेली तर पुन्हा भट्टी, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणूनच माझं लक्ष सारखं आवाजाकडं. गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की मी हातातलं काम टाकून दारात. टायर बदलल्यापासून वळणावर इंजिन धापा टाकायचं, क्लचचा जळका वास घरापर्यंत यायचा. मला घरात बसवेना.

शेवटी मीच त्यांच्याबरोबर मिस्त्रीकडं गेले. मिस्त्री शिरोलीतला, बोलायला लागला की चार गॅरेजला ऐकू जाणारा.

"वहिनी, चाक मोठं झालं म्हंजे गिअर लांब पडला, वडायचा जोर कमी. मागच्या हौसिंगमधलं क्राऊन-पिनियन, चाकं फिरिवणारी दात्यांची जोडी, बदलाय पायजे. जास्त दात्यांचं. न्हायतर चढाला गाडी बोंबलणार की!"

"बदलू," हे म्हणाले, "पर आधी जोतिबाला नेऊन आणतो. देवाला दावल्याबिगर गाडी खोलायची न्हाय."

आमच्याकडं रीतच तशी. गाडीला नवं काही बसलं की भावकीला मागं घालून डोंगरावर जायचं, गुलाल टाकायचा, मग कामाला लागायचं. मी म्हटलं, देव काय पळून जातोय का? पण माझं ऐकतंय कोण! उलट यांनी डिझेल जास्त सुटावं म्हणून पंप वाढवून घेतला. ताकद काही वाढली नाही, काळा धूर तेवढा वाढला.

रविवारी मागं सगळी भावकी उभी, बायका-पोरं, नैवेद्याच्या बुट्ट्या. केबिनमध्ये यांच्या शेजारी मी, आणि दाराकडं सासूबाई, नारळ मांडीवर घेऊन. आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो. पायथ्याच्या केर्लीपर्यंत सगळं ठीक होतं. डोंगराला लागल्यावर गाडी रडू लागली. एका खड्या वळणावर यांनी दुसरा गिअर काढला, पहिला टाकायला गेले आणि तो पडेना. इंजिन बंद पडलं. गाडी मागं सरकायला लागली.

मागं एकच किंकाळी झाली. यांनी ब्रेकवर पाय देऊन अंग मागं ताणलं. गाडी थोडी सरकली, हिसका बसला आणि थांबली. माणसं उड्या टाकून उतरली, कुणीतरी चाकामागं दगड लावले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मग सगळे चालत वर गेले, चांगभलंचा गजर जरा जास्तच मोठ्यानं करत, आणि मागून हे रिकामी गाडी घेऊन आले. उतरतानाही यांनी कुणाला गाडीत घेतलं नाही, पहिल्याच गिअरात रिकामी गाडी हळूहळू खाली आणली.

घरी आल्यावर म्हणाले, "गाडी इकतो."

मला वाईट वाटायच्या आधी रागच आला. म्हटलं, "इकून काय करणार? भट्टी फुंकणार? आधी मिस्त्रीकडं जावा."

गेले. गाडी मिस्त्रीकडं उभी राहिली आणि मी घरात येरझाऱ्या घालत राहिले. क्राऊन-पिनियन बदललं, पण पहिल्या फेरीलाच मागून कुत्र्याच्या रडण्यासारखा आवाज येऊ लागला. मिस्त्रीनं पुन्हा खोललं, दात्यांना निळा रंग लावून कुठं घासतंय ते बघितलं, मधल्या पातळ पत्र्या कमी-जास्त केल्या. मग आवाज गेला. चढाची चाचणी मात्र भरल्या गाडीनं घ्यायला हवी होती. यांनी कास्टिंग भरलं आणि एकटेच निघाले. मी केबिनमध्ये चढून बसले.

"उतर."

"उतरत न्हाय."

"उतर म्हंतोय न्हवं!"

मी समोरच्या काचेकडं बघत राहिले. शेवटी गाडी हलली. डोंगर आला, ते वळण आलं. यांनी दुसरा टाकला आणि गाडी कुरकुर न करता वर सरकत गेली. मी मोठ्यानं हसले. मला वाटलं, हेही हसतील. त्यांनी वरच्या सपाटीला गाडी उभी केली, पण स्टेअरिंग सोडेनात.

"त्या दिवशी ब्रेकनं धरलं न्हाय गं," ते म्हणाले. "पाय पार तळाला गेलता. मागलं चाक कडंच्या दगडाला अडाकलं, म्हणून ऱ्हायलो."

 माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच, "मग ब्रेक बघितलं का?"

"सगळ्यात आधी त्येच केलं. आईला सांगू नगंस."

मी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रत्नागिरीचा माल भरला, आणि पुढं कितीतरी वर्षं घाट चढले-उतरले. आत्ती मात्र पाहुणे आले की ती गोष्ट रंगवून सांगायच्या, "माझ्या ल्येकाच्या पायात जोर हाय म्हून वाचलो, न्हायतर सगळी भावकी दरीत गेली असती." हे जेवत असले तर ताटावरून उठायचे आणि गाडीखाली जाऊन ब्रेकचे पाईप चाचपत बसायचे. आत्ती म्हणायच्या, "बघा, गुण गायलं की लाजतोय." मी यांचं ताट झाकून ठेवायची.