डायनामोचा सोमवार

आमच्या ह्यांनी महाड–पोलादपूर रस्त्यावर भाड्याची मोटार घातली तेव्हा लग्नाला चारच वर्षं झाली होती. मोटार आली आणि माझी सवत आली, असं मी म्हणायची. जेवणाच्या पाटावरही हिच्याच गोष्टी. चालवायला हे स्वतः. धुवायला, सामान चढवायला, हँडल मारायला म्हणून पोलादपूरच्या वरच्या अंगाचे एक वयस्क काका ठेवले होते. तीस वर्षं त्यांनी त्याच रस्त्याला बैलगाडी हाकलेली. मोटारी सुरू झाल्यावर गाडीला कोणी विचारेना, तेव्हा त्यांनी बैल विकले आणि आमच्याकडे आले.

दिवाळीनंतर मोटारीने रंग दाखवायला सुरुवात केली. दिवे मिणमिणायला लागले, मग एक दिवस इंजिनच उठेना. बॅटरी मेली होती. पेंढ्यात बसवून ती दासगावच्या बंदरातून बोटीने मुंबईला भरायला पाठवली. भरून आली, आठवडाभर चालली, पुन्हा मेली. परत बोट, परत पेंढा. इकडे रस्त्यावर दुसऱ्याची मोटार आमचे उतारू नेऊ लागली.

ह्यांच्याकडे मोटारीबरोबर आलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. ते मांडीवर घेऊन हे अंगणात बसत. बॅटरी भरणाऱ्या डायनामोचा पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा मळ कढत पाण्याने धुतला. तारा एकेक ओढून पाहिल्या. इंजिन चालू असताना समोरच्या वीज दाखवणाऱ्या घड्याळाची सुई ‘भरती’कडे जायला हवी, ती शून्यावर मख्ख. म्हणजे डायनामो वीज देत नाही, एवढं कळलं. पण का, ते कळेना. नवशिक्याने डायनामो उघडू नये असं पुस्तकात लिहिलं होतं, आणि आमचे हे छापील अक्षराच्या बाहेर पाऊल टाकणारे नव्हेत. मी म्हटलं, "मग पुस्तकालाच जुंपा मोटारीला." तेव्हा रागावले.

त्यात बाजारपेठेतल्या लोकांनी कान भरले. ‘मोटारीपायी ज्याचे बैल गेले, त्याच्याच हाती मोटार दिलीत? तो सूड उगवतोय.’ पहिल्यांदा हे हसले. तिसऱ्यांदा बॅटरी बोटीत चढवून आले तेव्हा हसले नाहीत. म्हणाले, "ह्या खेपेला काकांचाच हात निघाला तर त्याच दिवशी घरी पाठवणार." मला काकांची माया होती, तरी मलाही क्षणभर ते खरं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

बॅटरी परत आली, बसवली. पुढच्या सोमवारी सकाळी काका नेहमीसारखे मागल्या दारी आले. "वहिनीबाय, वाटीभर करंजेल द्या." दर सोमवारी मी ते देत असे. गुडघ्यांना चोळत असतील, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी मी वाटी दिली आणि दारातून पाहत राहिले. काका मोटारीपाशी गेले, वहाणा काढल्या, झाकण उचललं, डायनामोवरचा पत्रा सरकवला आणि त्यात हळूहळू, लहान मुलाच्या टाळूवर घालावं तसं, तेल सोडू लागले.

"काका, हे काय करताय?"

"आज सोमवार नाय का? सोमवारी बैल जुंपीत नाय. त्यांना न्हाऊ घालायचं, गाडीला वंगण द्यायचं. हिला कुठला आराम! शेट रोज हाकतात. म्हनून तेल तरी देतंय. बिचारी हल्ली थकलेय, म्हनून जरा जास्तीच देतंय."

मी ह्यांना हाक मारली. पुस्तक बाजूला ठेवून ह्यांनी डायनामो उघडला. आत कोळशाचे दोन तुकडे तांब्याच्या चक्रावर कोरडे घासायला हवेत, तरच वीज निघते. तिथे करंजेलाचा काळा चिखल झाला होता. तासभर ह्यांनी पेट्रोलच्या फडक्याने तो पुसून काढला. मग हँडल मारलं आणि सुई टणकन भरतीकडे गेली.

काकांना सगळं कळलं होतं. खांद्यावरचा पंचा झटकून ते निघायलाच उभे होते. "मीच हिचा जीव घेत व्हतो, शेट. बैल असता तर त्याने मान तरी फिरवली असती. ही काय बोललीच नाय." घरी पाठवण्याचं वाक्य ह्यांच्या तोंडात तयार होतं, ते मला दिसत होतं. काका दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "आता सोमवारी मी कुनाचं करू?"

सूड म्हणे! बाजारातल्या त्या शहाण्यांना तिथे आणून उभं करावंसं वाटलं.

ह्यांनी पेट्रोलचा हात धोतराला पुसला, आत जाऊन माझ्या जुन्या लुगड्याचा एक धुतलेला तुकडा आणला आणि काकांच्या हातात दिला. "दर सोमवारी हे चक्र ह्या फडक्याने पुसायचं. कोरडं. तेलाचा थेंब नको. हे काम तुमचं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

काका गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "दर सोमवारी पुसावं लागतं?"

"पुस्तकात सहा महिन्यांतून एकदा लिहिलंय," हे म्हणाले, आणि पुस्तक फळीवर ठेवून दिलं.