देव नसलेला डोंगर

"काय आहे गं पिशवीत? ठेवून ये घरी."

बाईंच्या वर्गाची हजेरी ही अशी व्हायची. नाव कुणाचं पुकारायच्या नाहीत. दारात उभ्या राहून एकेकीचे हात बघायच्या. कुणाच्या हातात रिकामी पिशवी, कुणाकडे दळणाचा डबा, कुणाकडे तेलाची किटली. दळण दळायचं नसायचं आणि तेलही आणायचं नसायचं. आमच्या कोरेगावात त्या काळी बाईमाणूस मोकळ्या हातानं रस्त्यानं चाललं की चार घरांतून विचारणा व्हायची, "कुठं निघालीस?" हातात काहीतरी असलं की विचारत नसत. तुमच्या गावात काही फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. आपली आई किंवा मावशी नुसतीच, काही कारण नसताना, रस्त्यानं चाललीय असं तुम्ही कधी पाहिलंय का, आठवून बघा.

"फिरायला जाताना हात मोकळे पाहिजेत," बाई म्हणायच्या. "हात हलला की पाय चालतो." हे शास्त्र त्यांनी कुठून काढलं होतं कोण जाणे. पण त्यांच्यापुढं बोलायची सोय नव्हती.

बाईंचं लहानपण कोरेगावातच गेलेलं, पण नोकरीभर त्या मेढ्याकडच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन आमच्या आळीत भाड्यानं राहायला आल्या, ते नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. ठेंगणी, सावळी मूर्ती, घोट्याच्या वर नेसलेलं पातळ आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. पहिल्यांदा त्यांना बघितलं तेव्हा मी मशीनवर बसून कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होते. मला हसू फुटलं आणि टीप वाकडी गेली. बाईंनी ते बघितलं, आणि सरळ दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दिवसभर वाकून बसतेस. गुरुवारी जेवणं झाली की चल."

"कुठं?"

"बाहेर."

"बाहेर काय आहे?"

"ते बाहेर आल्यावर कळेल."

आम्ही आठ-दहा जणी जमायचो. तिळगंगेच्या काठानं चालायचो. ज्या पाण्यावर जन्मभर धुणी धुतली तिथंच खंड्या बसतो, आणि मासा धरला की आधी फांदीवर आपटतो, हे मला चाळिशीला आल्यावर दिसलं. एका देवळाबाहेर पडलेले जुने दगड होते, त्यांवर आम्ही पूर्वी वाळवणं घालायचो. बाईंनी तिथं आम्हाला बसवलं आणि दगडावरचा बांगड्या भरलेला हात दाखवला. "ही सती गेली. हात तेवढा कोरलाय. नाव कुठं हाय हिचं? शोधा." आम्ही बराच वेळ शोधत राहिलो. नाव नव्हतंच. शिकवता शिकवता रंगात आल्या की बाईंची भाषा अशी गावाकडं वळायची.

घरच्यांनी या वर्गाला आडकाठी केली नाही, ते काही आमच्या ज्ञानाची काळजी होती म्हणून नव्हे. जिकडं जायचो तिकडं एखादं देऊळ असायचं. त्यामुळं आळीत त्याचं नावच पडलं, 'बायकांचं देवदर्शन'. सासवा नारळ द्यायच्या, अंगारा आणायला सांगायच्या. सगळ्यांचं छान चाललं होतं. बाईंचं मात्र नव्हतं. आम्ही आत गेलो की त्या बाहेर पायरीवर बसून राहायच्या.

एकदा मी त्यांना आत चला म्हटलं. त्यांच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं.

"माझ्या आईला ह्या पायरीच्या खाली उभं करायचे," त्या म्हणाल्या. "आता मला आत बोलावतात. बोलावू देत. मला आत काम नाही." आवाजात राग नव्हता. वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी जाहीर केलं की आता बोडक्यावर जायचं.

बोडका म्हणजे गावाबाहेरचा एक डोंगर. कुसळी गवत, चार हेकळाची झुडपं, आणि भरपूर दगड. ना देऊळ, ना किल्ला, ना पाणी. गुराखी सोडले तर कुणी चढत नसे. "आणि घरी खरं सांगायचं," बाई म्हणाल्या. "डोंगर बघायला जातो म्हणायचं. देवाचं नाव घ्यायचं नाही."

देवळाला जाते म्हटलं की घरात कुणी बोलत नाही, पण डोंगर बघायला? मी विचारलं, "बाई, तोच डोंगर कशाला?"

"आई तिथं सरपणाला जायची. गावात तिला प्रत्येक ठिकाणी कुठवर यायचं ते सांगितलेलं होतं. बोडक्यावर कुणी सांगितलं नव्हतं." मग म्हणाल्या, "आणि तुम्हाला तरी कुठं कोण जाऊ देतंय? देवाच्या नावाखाली सुटता, एवढंच. एकदा तरी बिनकारणाचं जायचं. त्याशिवाय मी हा वर्ग केला असं म्हणणार नाही."

निम्म्या जणी आल्या नाहीत. आमच्या आळीतली सुलू आली, याचंच सगळ्यांना नवल. सुलूची सासू म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी म्हातारी. सून गिरणीत गेली तरी ही ओट्यावर वाट बघत बसणार.

चढताना बाई थांबल्या आणि कड्यात काळ्या खडकांच्या मध्ये एक तांबडा पट्टा दाखवला. "खालचा काळा म्हणजे एकदा वाहिलेली आग. वरचा, पुन्हा वाहिलेली. मधली ही माती व्हायला किती काळ गेला असंल, सांगता यायचं न्हाई. हात लावा." आम्ही हात लावले. वर पोचल्यावर वारा असा की पदर धरून ठेवावा लागत होता. खाली आमचं अख्खं गाव दिसत होतं आणि त्यात माझं घर मला सापडेना. बाईंना फार आनंद झाला. आम्ही दगडांवर बसून भाकरी खाल्ली, मोठमोठ्यानं हसलो. तिथं कुणाच्या कानावर जाणार होतं?

तेवढ्यात झुडपामागून नारळ फुटल्याचा आवाज आला.

सुलू होती. घरी तिनं बाईंनी सांगितल्याप्रमाणं खरंच सांगितलं होतं. सासू म्हणाली होती, "डोंगर हाय तर देव असनारच. नारळ ने." तो तिनं पदराखाली लपवून वर आणला होता. न फोडता परत न्यावा तर सासू विचारणार, मग देव नाही तिथं गेलीस कशाला? म्हणून तिनं भाकरी खाताना ज्यावर बसली होती तोच दगड झुडपामागं नेऊन उभा केला, पदराच्या गाठीचं कुंकू लावलं आणि नारळ फोडून मोकळी झाली.

बाई आल्या. दगडाकडं बघत राहिल्या.

"देव बसवलास?"

"व्हय बाई," सुलू रडवेली झाली.

"मग आत्ताच ठरवून टाका. ह्याला कुणी शिवलेलं चालंल, आणि कुणी शिवलेलं न्हाई?"

मग बाईंनीच हात पुढं केला. "आण तुकडा. खोबऱ्यावर माझा राग न्हाई."

महिन्याभरानं आम्ही पुन्हा चढलो तर दगडाला शेंदूर फासलेला, काठीला भगवं फडकं बांधलेलं, आणि पायथ्याच्या वस्तीवरचे एक वयस्कर गृहस्थ शेजारी बसलेले. आम्हाला बघून ते उठले. "जागृत ठिकान हाय. बायकांनी लांबनंच हात जोडायचे. आन बाई, तुमी तर..."

"मी तर काय?" बाई दोन पावलं पुढं गेल्या. "वाक्य पुरं करा."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. बाईही हलल्या नाहीत. त्या आता खाली उतरल्या असत्या तर पुन्हा कधीच चढल्या नसत्या, आणि आम्हीही नाही. एवढं मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. पण तोंड उघडायचं धाडस मला झालं नाही. ते झालं सुलूला.

"आवं मामा, कुठला जागृत? ह्यो मी बसवलाय."

"गप गं."

"गप कशी? ह्याच्यावर बसून मी भाकर खाल्लीया." सुलूनं दोन्ही हातांनी दगड ढकलला, आडवा केला आणि त्यावर बसली. हात शेंदरानं लाल झाले, पातळाला डाग पडला.

गृहस्थांनी कानावर हात ठेवले. "भोवंल! लय भोवंल!" म्हणत ते उतरायला लागले. बाईंनी काठीचं फडकं सोडलं, नीट घडी घातली आणि मागोमाग जाऊन त्यांच्या हातात दिली. "कापड चांगलं हाय. घरी न्या."

आणि त्याच आठवड्यात सुलूच्या मुलीला ताप चढला. आळीला दुसरा विषय उरला नाही. म्हातारी ओट्यावर बसून कपाळ बडवून घेत होती. बाई डॉक्टरला घेऊन गेल्या, मुलीच्या उशाशी बसल्या, आणि म्हातारीला म्हणाल्या, "दगडाचंच हाय म्हणता ना? मग मी एकटी जाऊन त्याच्यावर बसते. काय व्हायचं ते मला हूं दे."

त्या खरंच गेल्या. एकट्या चढल्या, दगडावर बसून आल्या. इकडं गोळ्या लागू पडल्या आणि पोरीचा ताप उतरला. म्हातारीनं मात्र आपला निकाल लावला: बाईनं आपल्या अंगावर घेतलं! बाईंनी किती समजावलं, गोळ्यांनी उतरला म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी. पण तेव्हापासून म्हातारी सुलूला बिनबोलता पाठवू लागली. देव नसला तर नसला, बाई आहेत ना!

आम्ही खूश झालो. बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे आता मीच देव झाले की गं," मला म्हणाल्या. "हे तर त्याहून वाईट."

पुढं काही वर्षं वर्ग चालला. बोडक्यावर आम्ही किती वेळा गेलो ते कुणी मोजलं नाही. मग बाईंचं हृदय कुरकुरायला लागलं आणि धाकट्या बहिणीनं त्यांना सांगलीला न्यायचं ठरवलं. स्टेशनवर आम्ही सगळ्या पोचवायला गेलो. कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, "आता गुरुवारी आम्हाला कोण नेणार?"

बाई भडकल्या. "न्यायला कुणी कशाला पायजे? इतकी वर्षं मग मी केलं काय?"

गाडी हलली तरी त्या रागातच होत्या.

त्या गेल्यावर आमचं फिरणं रडतखडत चाललं. आज हिच्याकडं पाहुणे, उद्या तिचा उपास. मग सांगलीहून निरोप आला, की बाई गेल्या. आळीत लगेच बोलणं सुरू झालं, शेवटी भोवलंच. अंगावर घेतलेलं कधीतरी फेडावं लागतंच. आता बोडक्यावर कोण जातंय?

गुरुवार आला. दुपारी जेवणं झाल्यावर मी मशीनवर बसले, आणि टीप घालताना डोळ्यांपुढचं दिसेना. मला बाईंची फार आठवण आली. मी उठले, चप्पल घातली आणि बाहेर पडले.

सुलूच्या ओट्यावर म्हातारी होती. उंबऱ्यात सुलू सुपात तांदूळ निवडत होती.

"कुठं गं?" म्हातारीनं हटकलं. आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाली, "बाईचं कळलं न्हवं? कुनाकडं भेटाय निघालीस व्हय?"

माणूस गेल्यावर भेटायला निघालेल्या बाईला कुणी अडवत नाही. याच्याइतकं मोठं कारण आमच्याकडं दुसरं नाही. आणि ते मला आयतं मिळत होतं, बाईंसाठीच निघाले होते म्हणून फार खोटंही नव्हतं. फक्त मान हलवायची होती.

"नाही," मी म्हटलं. "कुणाकडं नाही. डोंगरावर चाललेय. फिरायला."

माझा आवाज जरा जास्तच मोठा झाला असणार, कारण समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं. मी चालायला लागले. मागं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि पायरीवर पावलं वाजली.

"आन तू गं?" म्हातारी ओरडली.

"मी बी," सुलू म्हणाली.