फुकटची मेंबरशिप

पत्रकाचा एक मोठा गुण आहे. ते कुणी वाचलं हे मालकाला कळत नाही. खडोलीच्या कारखान्यांच्या गेटवर पाळी सुटताना मी कामगार संघटनेची पत्रकं वाटायची, तेव्हा बाया कागद घेऊन न बघताच डब्याच्या पिशवीत टाकायच्या. वॉचमन मला हाकलायचा. बायांना काय म्हणणार? त्या तोवर रिक्षात.

मग आम्ही मोबाइलवर चॅनल काढून लाइव्ह सुरू केलं. टोकरखाड्यातल्या एका भाड्याच्या खोलीतून, दर रविवारी दुपारी. बोलायचा आमचा दादा. सख्खा नव्हे, संघटनेतला, माझ्याहून जुना. मी शेजारी बसून चॅट सांभाळायची. आमलीतल्या खोल्याखोल्यांतून कामगार कानात इयरफोन घालून बघायचे आणि चॅटमध्ये एक अक्षर लिहायचे नाहीत. बघणाऱ्यांचा आकडा दिसायचा, नावं नाहीत. म्हणजे पत्रकासारखंच, असं मला वाटलं होतं.

पुढे दादाने पेड सबस्क्रिप्शन, म्हणजे चॅनलची मेंबरशिप, चालू केलं. त्याची रीत सांगते. बघणाऱ्याच्या खात्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप कापली जाते, आणि तो आठवणीने बंद करत नाही तोवर कापली जातच राहते. प्लॅटफॉर्म आपला वाटा आधी काढून घेतो, उरलेलं चॅनलवाल्याला. मेंबरला बदल्यात काय, तर चॅटमध्ये नावाशेजारी रंगीत बिल्ला. महिने वाढले की बिल्ल्याचा रंग बदलतो. मजुरीतून कमिशन खाणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध आम्ही गळा फाडायचा, आणि ज्याच्या दुकानात उभं राहून फाडायचा तोही कमिशन खाणार!

हे मी दादाला ऐकवलं तर म्हणाला, "बरं. पुढच्या महिन्यात घरमालकाला भाडं म्हणून तुझी पत्रकं देऊ."

मेंबर झाले ते पगारदार लोक. शाळेतले, सरकारी कचेरीतले. त्यातले एक सर तर बिल्ला नसलेल्यांच्या प्रश्नांना उत्तरं देऊ नका म्हणाले. कारखान्यातलं कुणीच मेंबर झालं नाही. नावाशेजारी बिल्ला लावून कोण कामावर जाईल?

त्या रविवारी विषय होता कुलूप. खडोलीतल्या एका सुताच्या कारखान्यात पॅकिंग खात्याचा मागचा दरवाजा बाहेरून बंद ठेवतात. आग लागली तर पळायला वाट नाही. ही बातमी आम्हाला त्याच खात्यातल्या एका बाईने दिली होती. नवापूरकडची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणते. ती ठेकेदाराकडून लागलेली. तिचा गेटपास मुकादमाच्या हातात. तो म्हणाला उद्यापासून नको, की नको. नवरा गावाकडे, दोन मुलं तिच्याजवळ. बातमी तिने दिली हे मला आणि दादालाच ठाऊक होतं.

दादा रंगात आला होता. तेवढ्यात पडद्यावर रंगीत कागद उडाले. एका फोटो नसलेल्या खात्याने दहा मेंबरशिप भेट दिल्या होत्या.

"अरे वा! कोण आहात साहेब? आभारी आहोत!" दादा खूश.

भेट म्हणजे अशी की पैसे एक जण भरतो आणि मेंबरशिप कुणाला द्यायची ते यंत्र ठरवतं. त्या वेळी गुपचूप बघत बसलेल्यांतले दहा जण ते उचलतं, आणि त्यांची नावं चॅटमध्ये सगळ्यांसमोर टाकतं. विचारत नाही. भेट नको म्हणायची सोय आहे म्हणे, सेटिंगच्या तळाशी, प्रत्येकाने आपापली शोधायची!

नावं पडू लागली आणि दादा वाचू लागला. "स्वागत आहे... तुमचंही स्वागत..." चौथं नाव ताईचं होतं. पूर्ण, आडनावासकट. आमलीतल्या रिचार्जवाल्याने खातं उघडून देताना आधार कार्डावरून उतरवलं होतं तसं.

दादाने तेही वाचलं. मी झडप घालून माइक बंद केला.

चॅटमध्ये त्या बिनफोटोच्या खात्याने लिहिलं होतं, "अच्छा, तो आप भी हैं।"

माझा फोन वाजला. ताईच.

"नाव कसाले वाचलं? घालवलं ना मला कामावरून!"

"ताई, तो कोण आहे?"

"मुकादम, दुसरं कोण! लाइनवर उशीर झाला की असंच म्हणतो, आप भी हैं." तिचा श्वास फुलला होता. "आता त्याला कळणार कुलपाचं कोणी सांगितलं ते. ते नाव पूस."

"ओळ पुसता येईल. पण त्याने फोटो काढला असेल."

मागे तिचं धाकटं पोर काहीतरी मागत होतं, ती त्याच्यावर खेकसली. मग मला म्हणाली, "मला हाकल तिथून. सगळ्यांदेखत. मी कुलूप खोटं म्हणते, शिव्या घालते, तू हाकल. उद्या मी सांगेन, भांडायला गेले होते."

मी दादाला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे पॅकिंगमधलीच बाई लिहिणार की कुलूप खोटं आहे? लाइव्हवर? आपल्याकडे दुसरा साक्षीदार आहे का?"

"नाही."

"मग मेलो आपण."

"आपण नाही मरत, दादा. खोलीचं भाडं थकेल फार तर. तिचा पास जाईल!"

मी त्याची परवानगी मागतही नव्हते.

ओळ आली. "मी तिथंच काम करते. कुलूपबिलूप काही नाही. हे फुकटे खोटं बोलून पैसे कमावतात. आणि ती पत्रकवाली एक नंबरची आगलावी." लगेच दुसरी ओळ, आणखी तिखट. खाली सरांनी चिडून लिहिलं, "अशांना ठेवताच कशाला?" मी तिच्या नावावर बोट दाबलं आणि तिला चॅनलवरून बाहेर काढलं. कायमचं. तसं केल्याशिवाय ते खरं दिसलं नसतं.

सोमवारी पहिल्या पाळीला मी गेटसमोर, रस्त्याच्या अलीकडे उभी होते. मुकादम पासांचा गठ्ठा घेऊन उभा. एकेक बाई पास घेऊन आत जात होती. ताई आली तसा तो गठ्ठा मागे धरून म्हणाला, "क्या मेंबर! मुबारक हो।"

"कसली मेंबर? हाकललं मला त्या भिकाऱ्यांनी. हे बघा." तिने चॅटचा काढलेला फोटो फोनवर उघडून त्याच्या नाकासमोर धरला.

त्याने वाचलं. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग वॉचमनला दाखवलं. वॉचमन हसला, मग मुकादमही हसला, आणि तिच्या हातात पास देताना त्याने माझ्याकडे मान वळवली.

"मैडम, आपकी मेंबर ही बोल रही है, ताला नहीं है। अब क्या छापोगी?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. चल, आत्ता सगळ्यांदेखत तो मागचा दरवाजा उघडून दाखव. एवढंच म्हणायचं होतं. पण ताई अजून गेटच्या अलीकडेच होती, पास हातात, पाठ माझ्याकडे. ती वळली नाही. मी तोंड मिटून उभी राहिले, ती आत जाईपर्यंत.