चपला काढलेला वर्ग

विद्यापीठाच्या निरंतर शिक्षण केंद्रात संध्याकाळी पन्नाशी-साठीची माणसं दहावीचा अभ्यास करतात. त्यांचा वर्ग काढून घेऊन तिथे विद्यापीठाच्या साहेबांसाठी बैठकीची खोली करायचं घाटतंय. त्याविरुद्धची आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं वाटायला मी गेले, तर दाराबाहेर चपलांची रांग! माझं डोकंच फिरलं. कॉलेजची पोरं बुटासकट बाकावर पाय टाकतात, आणि यांनी अनवाणी बसायचं?

"इतकं दबून का राहता?" मी दारातूनच विचारलं.

"दबून कशाला?" पहिल्या बाकावरच्या सुमनताई म्हणाल्या. "ही फरशी रोज आम्हीच पुसतो. तू घरात चपला घालून हिंडतेस का गं? यायचं तर काढून ये. आणि हळू बोल, तास चालूय."

सगळा वर्ग हसला. मीही चपला काढून मागे बसले. त्यांनीच पुसलेली फरशी पायांना गार लागली आणि फार बरं वाटलं. मग हातातलं पत्रक वाचलं: 'वर्ग काढून घेऊ नये, ही नम्र विनंती.' स्वतःच्या घरात राहायला विनंती कसली करायची? मी पेन काढून ती ओळ खोडायला लागले. तास संपल्यावर सुमनताईंनी माझ्या हातातला गठ्ठा ओढून घेतला, वर्गात वाटला, आणि प्रत्येकाने ती ओळ खोडून आपापल्या अक्षरात खाली लिहिलं, 'आम्ही हलणार नाही.'