पेन त्याच्याच हातात

मंगळवारी सकाळी नागपूरहून भावाचा फोन आला. बाबा गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं. दुपारी दोनला माझी ट्यूटरची पाळी होती. मी गेलो.

डब्लिनच्या त्या विद्यापीठात गणित अडलेल्यांसाठी एक खोली होती. विद्यार्थीच विद्यार्थ्यांना शिकवायचे. ती खोली चालवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पेन शिकणाऱ्याच्या हातात राहील. तुम्ही विचारा. थांबा. लिहू नका.

मला थांबता येत नव्हतं. लिहून देता येत होतं. पुण्यात इंजिनिअरिंगची चार वर्षं मी समीरची जर्नल्स लिहिली, काचेखाली दिवा लावून त्याच्या ड्रॉइंग शीट्स गिरवून दिल्या. बदल्यात तो मला त्याच्या ग्रुपमध्ये बसू द्यायचा. इथंही आम्ही आणखी काही भारतीय मुलांसोबत एकाच फ्लॅटमध्ये होतो.

त्या दुपारी समोर समीरच येऊन बसला. कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

"लिही पटकन. चारला द्यायचंय."

"बाबा गेले रे सकाळी."

"अरेरे." त्यानं घड्याळ पाहिलं. "सॉरी यार. पण एवढं करून टाक ना."

मी पेन त्याच्यापुढे ठेवलं. "तू लिही. मी बसतो शेजारी."

तो हसला. "साहेब झालास का? शिपायाचा पोरगा, कोट्यातून आलास, विसरलास? फ्लॅटवर अजून कुणाला माहीत नाही. सांगू?"

बाबा शाळेत शिपाई होते. वर्गातले फळे पुसायचे. एकदा फळ्यावरची चुकलेली बेरीज त्यांनी खडूनं दुरुस्त केली. हेडमास्तर वर्गासमोर म्हणाले, "आता तो खडू फेकून दे." बाबांनी फेकला. मी तिसऱ्या बाकावर होतो. गप्प.

"तू कशाला? मीच सांगतो," मी म्हणालो.

तो कागद घेऊन निघून गेला.

संध्याकाळी फ्लॅटवर मी माझी जात सांगितली. एक जण म्हणाला, "इथं कशाला काढतोस हे?" बाकीचे टीव्ही बघत राहिले. दुसऱ्या दिवशी किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, माझं ताट सगळ्यात खालच्या फळीवर होतं. एकटं. महिन्याभरात मी डब्लिनच्याच सँट्री भागात वेगळी खोली घेतली.

विद्यापीठातल्या त्या गणिताच्या खोलीत पुढे दोन वर्षं शिकवलं. थांबायला तिथंच शिकलो. आज ऑफिसात नव्या माणसांना तसंच शिकवतो.

बाबांना शेवटचं पाहिलं नाही. तो खडू मात्र रोज दिसतो. मी आता कुणाचं लिहून देत नाही. आणि गप्प बसत नाही.