मागच्या जेठात कोणती जगली? : कौसल्याताई रामटेके यांच्या साठीनिमित्त

कौसल्याताईंना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या रेल्वे क्वार्टरच्या परसात पाटावर बसून एका कोंबडीच्या पंखाखाली हात घालून डोळे मिटून होत्या. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पशुसंवर्धनाच्या सरकारी नोकरीत माझी जयपूरला नुकतीच बदली झाली होती आणि मी राजा पार्कमध्ये दोन खोल्या घेऊन एकटाच राहत होतो. शहरात मराठी माणसे कुठे भेटतील असे विचारता विचारता मी त्या क्वार्टरांपर्यंत पोहोचलो होतो.

"ताई, काय पाहता आहात?" मी विचारले.

"हिच्या आंगात उन्ह किती मुरलं ते पाहून राहिली जी," त्या म्हणाल्या. "बसा न. चहा ठेवते."

ताई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. त्यांचे यजमान लोको शेडमध्ये फिटर होते. आज त्यांचे चिरंजीवही रेल्वेतच आहेत. क्वार्टरांतील मराठी मुले हिंदी शाळांत शिकतात आणि मराठी अडखळत बोलतात, म्हणून ताईंनी दर रविवारी आपल्या ओसरीवर मराठीचा वर्ग चालवला. मुलांनी चुकून हिंदी शब्द वापरला तर त्या कधी रागावल्या नाहीत. "मतलब" म्हणणाऱ्या मुलीला त्या एवढेच म्हणत, "म्हणजे म्हण बेटा, आणि पुढं सांग." त्या वर्गात शिकलेल्या मुलांचे लेख ताईंच्या याच गौरव अंकात आहेत, म्हणून त्याविषयी मी अधिक लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते ताईंच्या कोंबड्यांविषयी, कारण त्यांच्याशी माझा संबंध आला आणि तो अभिमानाने सांगावा असा नाही.

ताईंच्या परसात तेव्हा वीसेक कोंबड्या होत्या. त्या कोणत्याच पुस्तकातल्या जातीच्या नव्हत्या. त्याच्या आठ वर्षे आधी ताईंनी जयपूरजवळच्या चौमूंच्या बाजारातून काही गावठी कोंबड्या आणल्या होत्या. दर उन्हाळ्यात, लू, म्हणजे तिकडचे तापलेले कोरडे वारे, चालत असताना कोणती कोंबडी धापा टाकत कोपऱ्यात बसते आणि कोणती खात-पीत राहून अंडीही देते, हे त्या पाहत. मग तगलेल्या कोंबड्यांचीच अंडी त्या खुडूक कोंबडीखाली ठेवत. अशी आठ वर्षे निवड झाल्यावर त्यांच्याकडे अंगाने हलक्या, फिकट बदामी रंगाच्या, उंच पायांच्या आणि मोठ्या तुऱ्याच्या कोंबड्या तयार झाल्या होत्या. मानेवर पिसे विरळ. दुपारच्या झळांतही त्या लिंबाखाली पंख सैल सोडून उभ्या राहत. त्यांची अंडी आकाराने लहान असत, पण ती जेठातही, म्हणजे ज्येष्ठाच्या ऐन उन्हाळ्यातही, मिळत.

मी साताऱ्याकडच्या डोंगराळ भागात शिकलो आणि तिथेच प्रशिक्षण घेतले. तिथे मी ऑस्ट्रालॉर्प कोंबड्या पाहिल्या होत्या. त्या काळ्याभोर, भरल्या अंगाच्या आणि भरपूर अंडी देणाऱ्या होत्या. आमच्या कार्यालयाकडून परसातल्या कुक्कुटपालनासाठी पक्षी वाटायचे ठरले तेव्हा मी याच जातीचा आग्रह धरला. अट घातली तीही मीच. जुन्या गावठी कोंबड्या आधी काढून टाकायच्या, म्हणजे संकर होणार नाही.

ताईंनी पहिला पक्षी हातात घेतला आणि त्याची पिसे बाजूला केली.

"साहेब, हिच्या आंगावर तर कांबळच आहे. रंगानं काळी, वजनानं भारी. तुमच्या डोंगरात ठीक असंल. इथं लू लागल्यावर काय करंल ही?"

"सावली आणि पाणी असले की काही होत नाही, ताई," मी म्हणालो. "याचा अभ्यास झालेला आहे."

त्यांनी पक्षी खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही म्हणता तर तसं."

क्वार्टरांतील अकरा घरांनी पक्षी घ्यायचे कबूल केले, पण शेजारच्या विमलबाई जुन्या कोंबड्या सोडायला तयार होईनात. त्यांची मुलगी मोठ्या दुखण्यातून उठली होती आणि डॉक्टरांनी तिला रोज अंडे द्यायला सांगितले होते. तेव्हा ताईंनी सर्वांसमोर आपल्या साऱ्या कोंबड्या बाजारात पाठवल्या. "पोरगा आपल्याकडचा आहे, खोटं नाही सांगणार," असे त्या विमलबाईंना म्हणाल्या. मी तिथेच उभा होतो आणि मला फार बरे वाटले होते.

काळ्या कोंबड्यांनी हिवाळाभर उत्तम अंडी दिली. मे महिना आला आणि लू सुरू झाली. बायकांनी खुराड्यांवर ओली गोणपाटे टाकली, जमिनीवर पाणी शिंपडले. तरी एका आठवड्यात अकरा घरांतील बहुतेक कोंबड्या चोची उघड्या टाकून मेल्या. उरलेल्यांनी अंडी देणे थांबवले.

क्वार्टरांतील महिला मंडळाची बैठक झाली. विमलबाई रडत म्हणाल्या, "माझ्या घरच्या चांगल्या होत्या. कोणाच्या शब्दावर काढल्या मी?"

मी बोलायला हवे होते. पण ताईच उठून उभ्या राहिल्या. "माझ्या शब्दावर. मी चुकली." एवढे बोलून त्या खाली बसल्या. त्यानंतर कितीतरी दिवस विमलबाईंनी त्यांच्याशी अबोला धरला. ताई मात्र रोज कुठून तरी एक अंडे मिळवून त्या मुलीसाठी पाठवत राहिल्या.

याहून वाईट काम मी पुढे केले. कार्यालयाला अहवाल देताना मी लिहिले की पक्षी दगावले ते पाळणाऱ्यांनी पाण्याची व सावलीची नीट काळजी न घेतल्यामुळे. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. अहवालाची एक प्रत मंडळाकडे आली. ताईंनी ती वाचली, घडी करून ठेवली आणि बायकांना सांगितले की सरकारी कागद आहे, विशेष काही नाही. पुढे मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी नेहमीसारखा चहा दिला आणि निघताना म्हणाल्या, "साहेब, पाणी आम्ही दिवसातून चारदा बदललं होतं. एवढं ध्यानात असू द्या."



त्या हिवाळ्यात ताईंनी पुन्हा सुरुवात केली, आणि मला बरोबर यायला सांगितले. बसने चौमूंला आणि तिथून आसपासच्या ढाण्यांवर, म्हणजे शेतांतल्या वस्त्यांवर, आम्ही हिंडलो. कोणती कोंबडी जास्त अंडी देते, असे मी विचारत असे. ताई घरातल्या बाईला एकच विचारत, "मागच्या जेठात कोणती जगली?" मग ती कोंबडी मांडीवर घेऊन तिचा तुरा, पाय, पिसांची दाटी त्या हाताने तपासत आणि मला दाखवत. हवामानाला मानवेल अशी जात कशी ओळखावी, हे मी नोकरी लागल्यावर, टोपली हातात धरून, त्यांच्याकडून शिकलो. आज मी लोकांना जो सल्ला देतो तो त्यांचा आहे. नव्या कोंबड्या तगल्या, पण पहिल्यांसारख्या झाल्या नाहीत. जेठात त्या अंडी देत नाहीत. ताई तसे बोलून दाखवत नाहीत. मला ते दिसते.

या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी ताईंना भेटून म्हणालो की मला हे सगळे, त्यांची शंका मी उडवून लावली होती तेसुद्धा, छापायचे आहे, आणि अहवाल दुरुस्त करण्याचे पत्रही मी कार्यालयाला दिले आहे.

"मला माहीत होतं जी," त्या म्हणाल्या. "पण विमलबाईला नाही माहीत. तिला सांगा."

विमलबाईंच्या यजमानांची बदली होऊन दोन वर्षे झाली. मी पाठवलेले पत्र पत्ता न सापडल्यामुळे परत आले. त्या अकरा घरांपैकी आज जयपुरात दोनच आहेत. कुणा वाचकाला विमलबाईंचा किंवा बाकीच्यांचा ठावठिकाणा माहीत असेल तर हा अंक त्यांच्यापर्यंत पोहोचवावा, ही विनंती.

ताईंच्या चिरंजिवांना आता गोंदियाकडे बदली मिळाली असून पुढच्या महिन्यात ताई जयपूर सोडत आहेत. कोंबड्या त्या शेजारी वाटून जाणार आहेत. दोन-चार तरी बरोबर न्याव्यात, असे मी सुचवले. "तो धानाचा मुलूख," त्या म्हणाल्या. "तिकडे पाऊस, चिखल, दमट हवा. या कोरड्यात वाढलेल्या. कायले छळायचं त्यांना? तिकडं पाहीन मी तिथल्या." साठाव्या वर्षी त्या तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात करणार आहेत. अशा निवडीला फार वर्षे लागतात, आणि त्यांची आठ वर्षे मी एका हंगामात घालवली. ती परत देणे माझ्या हातात नाही. गोंदियाच्या नव्या परसात त्यांना ती सर्व वर्षे आणि त्याहून कितीतरी अधिक, चांगल्या प्रकृतीसह मिळोत, एवढेच मी मागू शकतो.