रंगावर आवळलेली पट्टी

माझी सध्याची पोस्टिंग स्टुटगार्ट, असं माझी बायको चेष्टेनं म्हणते. ती इथे, जर्मनीत, एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. हवालदार म्हणून पेन्शनवर आल्यावर मी तिच्यामागून इथे आलो, भाषा शिकलो, परीक्षा दिली आणि शहराबाहेरच्या एका लहान वेर्कश्टाटमध्ये, म्हणजे गॅरेजात, गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करू लागलो. फौजेतही माझा ट्रेड हाच होता. व्हेइकल इलेक्ट्रिशियन. तिथे मला सगळे 'मास्तर' म्हणत, कारण माझ्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त असत. इथे मला कुणी काही म्हणत नाही. सकाळी सात वाजता बूट बांधायचे, माइस्टरला, म्हणजे गॅरेजच्या मुख्य कारागिराला, 'मोर्गन' म्हणायचं आणि पहिल्या गाडीचं बॉनेट उघडायचं.

कामाची रीत ठरलेली आहे. आधी बॅटरी. मग चार्जिंग. मग परतीचा रस्ता. हा तिसरा भाग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बॅटरीतून निघालेली वीज काम करून बॅटरीकडे परत यावी लागते. परत येण्यासाठी वेगळी तार नसते. गाडीचं लोखंडच ती वाट असतं, आणि इंजिन त्या लोखंडाला तांब्याच्या विणलेल्या एका पट्टीनं जोडलेलं असतं. ही अर्थिंगची पट्टी. तिच्या टोकाखालचं लोखंड उघडं आणि चकचकीत असावं लागतं. मध्ये गंज आला, रंग आला, की वाट अरुंद होते. दिव्याला, हॉर्नला पाऊलवाट पुरते. सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, हमरस्ता लागतो. म्हणून दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, आणि सेल्फ मारला की नुसतं टक् होतं.

मागच्या वर्षी, थंडी सुरू होताना, प्रणिताचा फोन आला. प्रणिता रेडेकर. जर्मनीतच, एर्लांगेनला, मेडिकल टेक्नॉलॉजीत पीएचडी करते. नाईक महादेव रेडेकरची मुलगी. मी तिला पाहिलं होतं तेव्हा ती आईच्या पदराला धरून उभी होती. फोनवर ती एवढंच म्हणाली की आजोबा गेले, आता मला विचारायला हरकत नाही, मी शनिवारी येते.

आजोबा गेले म्हणजे काय, ते मला लगेच कळलं.

महादेव आजऱ्याकडचा. ड्रायव्हर. आम्ही दोघं पहाडातल्या एका ट्रान्झिट कॅम्पवर एकाच तंबूत होतो. तो वाचत नसे, पण मी काय वाचतो ते विचारी आणि झोपण्याआधी गोष्ट सांगायला लावी. शेवट आवडला नाही तर म्हणे, "मास्तर, पुस्तक बदला." त्याच्याकडे ॲम्ब्युलन्स होती. उतारावर गाडी उभी केली की हँडब्रेक ओढूनही तो चाकामागे दगड लावी. त्यावरून त्याची टर उडवली जाई. तो म्हणे, ब्रेक सरकारी आहे, दगड माझा आहे.

त्या हिवाळ्यात इन्स्पेक्शन लागलं. फौजेत इन्स्पेक्शन लागलं की रंग निघतो. दगडांना चुना, झाडांना गेरू, गाड्यांना हिरवा. मी तेव्हा खाली रिकव्हरीच्या, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या, कामावर होतो. माझ्या मागे सगळ्या गाड्यांच्या चासी घासून रंगवल्या गेल्या. रंगवायला माणसं होती ती कुकहाउसची, स्टोअरची, मिळतील ती. पट्ट्या सोडल्या, त्यांच्याखाली रंग मारला, बोल्टसुद्धा रंगवले, आणि त्या रंगावरच पट्ट्या पुन्हा आवळल्या. मी परत आलो त्या संध्याकाळी गाड्या ओळीत उभ्या होत्या. अशा चकाकत होत्या की जवळ जायला नको वाटावं. मी एका गाडीखाली वाकून पाहिलं आणि सुभेदार साहेबांकडे गेलो. पट्ट्या उघडून खालचा रंग खरवडायला एक दिवस मागितला. साहेब म्हणाले, "इन्स्पेक्शन होऊ दे. आत्ता रंगाला ओरखडा नको." हे त्यांचं मत नव्हतं. वरून आलेला हुकूम होता. त्यांनी माझ्याकडे न पाहता तो मला दिला.

इन्स्पेक्शनच्या आदल्या सकाळीच एका जवानाला उंचीचा त्रास झाला. छातीत पाणी. त्याला खाली न्यायचा हुकूम आला. ॲम्ब्युलन्स धक्का मारून स्टार्ट केली. थंडीत रोज तसंच करत असू, म्हणून कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. पुढे ॲम्ब्युलन्स, बऱ्याच अंतरानं मागे आमची रिकव्हरी गाडी. वाटेत एक पट्टा होता जिथे वरून दगड-बर्फ येई. तिथे थांबायचं नाही, इंजिन बंद करायचं नाही, ही स्टँडिंग ऑर्डर. त्या पट्ट्यात, मधल्या एका चढावर, ॲम्ब्युलन्सचं इंजिन बंद पडलं. थंडीत आणि त्या उंचीवर इंजिन बंद पडणं ही नेहमीची गोष्ट होती. पुन्हा सेल्फ मारायचा आणि निघायचं.

रेडिओवर महादेवचा आवाज आला.

"मास्तर, सेल्फ उचलत नाही. ओव्हर."

"दिवे? ओव्हर."

"फुल. हॉर्नपण. नुसतं टक् टक् करतंय. ओव्हर."

मी शेजारी बसलेल्या सुभेदार साहेबांना म्हटलं, रंग. त्यांनी माझ्या हातातून सेट घेतला.

"रेडेकर, पेशंट उतरव. गाडी सोडून मागे ये. ओव्हर."

"रॉजर. पेशंट निघाला. स्ट्रेचर उतारानंच खाली येतंय. गाडी सरकली तर त्यांच्यावर येईल. दगड लावतो आणि येतो. ओव्हर."

यानंतर तो बोलला नाही. आवाज आला तो डोंगराचा. वरून सुटलेला दगड-बर्फ गाडीसकट त्याला नाल्यात घेऊन गेला. साहेबांनी तीनदा नाव घेतलं. स्ट्रेचर धरलेले दोघे वळणावरून धावत खाली आले. पेशंट वाचला. तो आज कुठेतरी आपल्या घरी असेल. त्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही.

दुसऱ्या दिवशीचं इन्स्पेक्शन पुढे ढकललं. नंतर ते झालं आणि आमच्या गाड्यांची तारीफ झाली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी साक्षीदार होतो. मला विचारलं, गाडीची बॅटरी कशी होती? मी म्हणालो, पूर्ण चार्ज, सर. सेल्फ? मी म्हणालो, चांगला, सर. पण अर्थिंग... मला थांबवलं. विचारलं तेवढंच सांगायचं. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा तेच वाक्य ऐकलं. निष्कर्ष असा निघाला की बॅटरी ठीक, सेल्फ ठीक, म्हणजे गाडीत दोष नव्हता. म्हणजे ड्रायव्हरनं मनाई असलेल्या जागी इंजिन बंद केलं आणि गोंधळून त्याला ते पुन्हा चालू करता आलं नाही. माझी दोन्ही उत्तरं खरी होती. ती दोन्ही महादेवच्या विरुद्ध वापरली गेली.

बर्फ वितळल्यावर गाडी नाल्यातून काढली. मी पट्टी उघडली. खाली हिरवा रंग होता, गुळगुळीत, एक ओरखडा नसलेला. वर कळवलं. सांगण्यात आलं, इन्क्वायरी संपली आहे. मी पट्टी मागितली. मिळाली नाही. ती सरकारी माल होती.

सुट्टीत मी त्याच्या गावी गेलो. महादेवचे वडील स्वतः फौजेतले, सुभेदार म्हणून निवृत्त. पाठ ताठ, मिशा कापलेल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हवालदार, कोर्टानं लिहिलंय. फौज खोटं लिहीत नाही. माझ्या सुनेच्या डोक्यात हे भरवू नका." त्यांनी मला चहा दिला आणि फाटकापर्यंत सोडायला आले. मी शब्द दिला नव्हता. पण त्या घरात त्यांच्या शब्दापलीकडे जाण्याची सोय नव्हती. गावच्या फलकावर शहिदांची नावं आहेत. महादेवचं नाव घालायला त्यांनीच नकार दिला असं मला नंतर कळलं.

प्रणिता शनिवारी न्युर्नबर्गमार्गे रेल्वेनं आली. उंच, बापासारखी रुंद कपाळाची. माझ्या बायकोनं तिला जेवायला वाढलं. ती ताटाकडे बघत म्हणाली, "काका, आई अजून बाबांशी भांडते. फोटोसमोर उभी राहून. म्हणते, ऐकायची सवयच नव्हती या माणसाला, थांबू नका म्हटलं तिथेच थांबले. मी लहानपणापासून हे ऐकत आले."

मी अर्थिंग समजावायला सुरुवात केली. तिनं हात वर केला.

"मी सेन्सर्सवर काम करते. मला ग्राउंडिंग शिकवू नका. मला एवढंच सांगा, बाबा चुकले का?"

"नाही."

"तुम्ही त्यांचे मित्र. तुम्ही दुसरं काय म्हणणार?"

ते तिचं बरोबर होतं. म्हणून मी सांगण्याऐवजी दाखवायचं ठरवलं होतं. आदल्या दिवशीच माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनाची पट्टी सोडून जोडाच्या जागेला आणि बोल्टला रंग देऊन ठेवला होता. दुकानात हिरवा होता, तोच घेतला.

दुपारी वेर्कश्टाट बंद झाल्यावर आम्ही मागच्या अंगणात गेलो. माइस्टर हिशेबाला थांबला होता. तो बाहेर आला, बॉनेटखाली डोकावला आणि म्हणाला, बरं का, चांगली गाडी मुद्दाम बिघडवणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. मी त्याला थोडक्यात सांगितलं. त्यानं विचारलं, त्या चौकशीत कुणी इलेक्ट्रिशियन नव्हता? मी म्हटलं, मी होतो. तो आत जाऊन आपला मीटर घेऊन आला आणि प्रणिताच्या हातात दिला.

पट्टी मी रंगावर आवळली. प्रणिताला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"दिवे लाव."

लागले. लख्ख.

"हॉर्न."

वाजला. समोरच्या बाल्कनीतल्या बाईनं आमच्याकडे पाहिलं.

"सेल्फ मार."

टक्.

तिनं पुन्हा मारला. टक्. पुन्हा. ती थांबेना. मी तिला थांबवलं नाही.

मग ती उतरली. मीटरच्या तारांचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर तिनं स्वतः धरलं. मी सेल्फ मारला. परतीची वाट चांगली असेल तर तिथे अर्धा व्होल्टही दिसू नये. तिला आठच्या वर दिसले. तिनं दोनदा पाहिलं, मग माइस्टरकडे मीटर वळवला. तो म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि आत गेला.

"बॅटरी ठीक," ती म्हणाली. "सेल्फ ठीक."

"हो."

"आणि मधलं?"

"मधलं विचारलं नाही."

मी पट्टी सोडली. पॉलिश पेपर तिच्या हातात दिला. ती वाकून घासत राहिली, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ, खालचं लोखंड आरशासारखं होईपर्यंत. बोल्ट मी बदलला. पट्टी आवळली. सेल्फ पहिल्या फटक्यात उचलला. इंजिन चालू झालं, आणि तेव्हा ती गाडीला टेकून उभी राहिली. या कामाला अर्धा तासही लागला नव्हता. इन्क्वायरीत मला बोलू दिलं असतं तर मी तेवढाच वेळ मागितला असता.

तिथूनच तिनं आजऱ्याला फोन लावला. तिकडे दिवेलागणीची वेळ झाली असावी. पडद्यावर वहिनी दिसल्या, केस पांढरे झालेले. प्रणिता म्हणाली, "आई, बाबांनी गाडी बंद केली नव्हती. बंद पडली होती. मी आत्ता बघितलं." मग तिनं फोन माझ्याकडे दिला. मी रंगाचं सांगितलं. रेडिओवरचं शेवटचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"भावजी, दगड लावत होते म्हणता?"

"होय वहिनी. खालच्या स्ट्रेचरसाठी."

"घरीपण लावायचे की. सपाट अंगणात स्कूटरच्या चाकाला. मी हसायची त्यांना." मग म्हणाल्या, "मामंजींना हे कुणी सांगितलं नाही?"

मी प्रणिताकडे पाहिलं. मेलेल्या सासऱ्यांबद्दल त्यांना आता नवं भांडण देऊन काय होणार होतं? पण अर्धवट उत्तरांचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

"मी सांगितलं होतं, वहिनी. त्यांचा विश्वास बसला नाही."

त्यांनी मान हलवली. फोन बंद करण्यापूर्वी त्या एवढंच म्हणाल्या की फोटोसमोरचा दिवा अजून लावायचा आहे, जाते.

मी नंतर दोन अर्ज केले. प्रकरण बंद आहे, असं उत्तर आलं. गावच्या फलकाबद्दल प्रणिता ग्रामपंचायतीशी बोलते आहे. तिथे सांगतात की वरून काही आलं पाहिजे. वरून काही येणार नाही. तो हुकूम देणारे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, असं ऐकतो. त्यांना त्या रंगाची आठवण असण्याचं कारण नाही.

स्टुटगार्टचे रस्ते चढउताराचे आहेत. माझी गाडी घरासमोर उतारावर असते. मागच्या चाकाला मी दगड लावतो. शेजारी एकदा म्हणाले, या गाडीचा ब्रेक बिघडला आहे का? मी म्हटलं, नाही.

फलकावर नाव नाही म्हणून इथे लिहितो. नाईक महादेव रेडेकर, ड्रायव्हर, राहणार आजरा. गाडी बंद पडली होती. त्यानं बंद केली नव्हती.